पात्र पुढे करताना

श्रामणेर शिबिरात धम्मावर बोलायला शिकवतात ते फार उशिरा. आधी चालायला शिकवतात. अनवाणी, एका रांगेत, नजर पुढच्या चार हातांवर, तोंड बंद. विहारात उजवा खांदा उघडा ठेवायचा. बाहेर पडताना मात्र चीवर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचं आणि पात्र आतून पोटाशी धरायचं. दाराशी उभं राहायचं. हाक मारायची नाही, मागायचं नाही, घरात डोकावायचं नाही. कुणी वाढलं तर झाकण काढून पात्र पुढे करायचं. नाही वाढलं तर तितक्याच शांतपणे पुढच्या दाराशी जायचं. छत्रपती संभाजीनगरातल्या (पूर्वीच्या औरंगाबादेतल्या) आमच्या मुकुंदवाडीत मे महिन्यात सकाळी नवाच्या आत डांबर तापायला लागतं, त्यामुळे मंद चालणं हीच पहिली परीक्षा ठरते. पाय पळायला बघतात आणि रांग पळत नाही.

ही रांग वयावर लागत नाही. ज्याने आधी चीवर घेतलं तो पुढे. त्यामुळे आमच्यात बारावीचा मुलगा पुढे आणि त्याच्या मागे बँकेतून निवृत्त झालेले काका, असं होतं. बाकीचे बहुतेक चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटी काम करणारे, एक रिक्षाचालक, दोघं-तिघं भरतीची तयारी करणारे. घरं संजयनगर, मुकुंदनगर, रेल्वे स्टेशनच्या बाजूची. आई-वडील किंवा आजी-आजोबा जालना, परभणी, हिंगोलीकडच्या गावांतून कामासाठी इथं आलेले. महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांत अशी दहा दिवसांची शिबिरं भरतात. स्त्रियांसाठी वेगळी असतात. दहा दिवस मुंडण, चीवर, पात्र आणि दहा शील. मग चीवर उतरवून, पंचशील घेऊन पुन्हा आपल्या कामाला.

प्रव्रज्या, म्हणजे चीवराची दीक्षा, मागून घ्यावी लागते. गुडघ्यांवर बसून, हात जोडून भंतेजींना तीनदा विनंती करायची. ते चीवर हातात देतात आणि पहिला ध्यानविषय देतात: केस, लोम, नखं, दात, त्वचा. ज्या शरीराचा आपल्याला अभिमान किंवा संकोच असतो, ते वरून जेवढं दिसतं तेवढ्या पाच गोष्टी. सरळ म्हणायच्या, मग उलट म्हणायच्या. नुकतंच मुंडण झालेलं असतं, केस शेजारीच पडलेले असतात, त्यामुळे पहिल्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दहा शीलांतली पहिली पाच सगळ्या उपासकांच्या ओळखीची. पुढची पाच कस पाहतात. दुपारी बारानंतर जेवण नाही. नाच-गाणं, तमाशे नाहीत. अत्तर-माळा नाहीत. उंच, मऊ बिछाना नाही. सोनं-चांदी, म्हणजे पैसा, घ्यायचा नाही. ऐकताना सहावं शील सर्वांत अवघड वाटतं. प्रत्यक्षात संध्याकाळची भूक लवकर अंगवळणी पडते. लिंबाचं सरबत किंवा कोरा चहा चालतो. अवघड जातं ते दहावं. महिन्याचा पगार मिळवणारा माणूस खिसा नसलेल्या वस्त्रात असतो आणि कोपऱ्यावरच्या टपरीचा चहाही विकत घेऊ शकत नाही. मोबाईल जमा केलेला असतो. जे मिळेल ते दुसऱ्याच्या हातून.

दिवस पहाटे चारला सुरू होतो. विहार झाडणं, शौचालयं धुणं, मग वंदना, मग आनापान. श्वास आत, श्वास बाहेर. न्याहारीनंतर पाली गाथांचं पाठांतर, मग भिक्षाटन. अकराच्या सुमारास जेवण. पात्रात सगळं एकत्र पडतं: ज्वारीची भाकरी, बेसन, वांग्याची भाजी, त्याच्यावर शेवयांची खीर, कुणी मायेनं ठेवलेला बिस्किटांचा पुडा. घास घेण्याआधी म्हणायचं असतं ते एवढंच, की हे अन्न चवीसाठी नाही, मिरवण्यासाठी नाही. शरीर चालावं आणि अभ्यास व्हावा म्हणून आहे. खीर आणि बेसन एकत्र खाताना हे वाक्य केवळ पाठांतराचं राहत नाही. दुपारी धम्माचा वर्ग. संध्याकाळी वस्तीत धम्मदेसना. शेवटच्या दिवसांत प्रत्येक श्रामणेराला चार माणसांपुढे पाच मिनिटं बोलायला उभं करतात.

संजयनगरात ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी आमच्या भंतेजींना तोंडावर विचारलं, “बाबासाहेबांनी आमचं मागून खाणं बंद केलं. आन् तुम्ही आमची पोरं पुन्हा दारोदार फिरवता?”

हा प्रश्न टाळता येत नाही. आमच्या आजोबा-पणजोबांनी येसकरपाळी केली. गावाचा निरोप्या, राखणदार, ओझंवाला होऊन दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी घोंगडीची झोळी घेऊन दारापासून लांब उभं राहून भाकरीसाठी ओरडायचं. वरून टाकलेले तुकडे झेलायचे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टं-शिळं आणि मेलेल्या जनावरांचं मांस सोडायला सांगितलं, तेव्हा माणसांनी उपाशी राहण्याची तयारी ठेवून ते सोडलं. त्या बाबांच्या घरातली झोळी अशीच कुणीतरी फेकून दिलेली. त्यांच्या नातवाच्या वयाचा मुलगा पात्र घेऊन समोर उभा राहिला, तर त्यांच्या पोटात कालवणारच.

भंतेजींनी वाद घातला नाही. “बाबा, तुम्ही म्हणता ते विसरायचं नाही, म्हणून तर पोरांना बोलायची बंदी आहे,” एवढंच ते म्हणाले. बाबांनी काही वाढलं नाही. तो त्यांचा हक्क होता आणि रांग पुढे गेली.

माझं उत्तर मला हळूहळू, वाढणाऱ्यांच्या हातांकडे पाहून मिळालं. बायका अंघोळ करून पांढरी साडी नेसून दारात आधीच उभ्या असत. चुलीवरचं पहिलं अन्न पात्रात पडे; घरच्यांनी नंतर खायचं. वाढणारी व्यक्ती वाकत असे. वाढायची सक्ती कुणावर नव्हती आणि घेतल्याबद्दल आम्हाला कुणाकडे राबायचं नव्हतं. येसकर मोबदल्याचा हक्कदार असूनही त्याला भिकाऱ्यासारखं वागवलं गेलं. इथं काहीच हक्क नसलेल्याला सन्मानानं दिलं जातं. दोन्हीकडे भाकरी तीच, पण माणसांमधलं अंतर वेगळं. ज्यांच्या पूर्वजांना आयुष्यभर फक्त घेणारे ठरवलं गेलं, ती माणसं इथं दाते म्हणून उभी राहतात. मुकुंदवाडीतल्या पत्र्याच्या घरातली आजी दान देते, हे मला शिबिरातलं सर्वांत मोठं दृश्य वाटतं.

या वस्तीत दान म्हणजे काय, ते पाण्यावरून कळतं. भिक्खूच्या आठ वस्तूंत, म्हणजे अष्टपरिष्कारात, तीन चीवरं, पात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं असतं. सूक्ष्म जीव मरू नयेत म्हणून ते फडकं. आमच्याकडे गाळायला पाणी कुठून आणायचं हा आधीचा प्रश्न. पैठणचा नाथसागर जलाशय पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, आणि तरी शहरात उन्हाळ्यात नळ आठवडा-आठवडा कोरडे राहतात. 2019 च्या दुष्काळात मुकुंदवाडी स्टेशनवरून रेल्वेने औरंगाबाद स्टेशनला जाऊन कळश्या भरून आणणाऱ्या इथल्या मुलांच्या बातम्या जगभर छापून आल्या. त्या वस्तीत एका आजींनी विचारलं, “भंते, फ्रीज नाही आमच्याकडं. माठातलं चालंल का?” टँकरचं, जपून वापरलेलं, गाळून माठात भरलेलं पाणी. एवढं मोलाचं दान मी त्याआधी कधी घेतलं नव्हतं.

आणखी एक प्रसंग प्रत्येक श्रामणेरावर येतो. भिक्षाटनात स्वतःचं घर लागतं. बारावीच्या मुलाची आई दारात उभी होती. तिनं पात्रात भाकरी ठेवली आणि पंचांग प्रणाम करायला खाली वाकली. मुलानं तिला उठवायचं नाही, उलट नमस्कारही करायचा नाही, असा नियम. त्याचे हात पात्रावर घट्ट झाले. “सुखी होतु,” तो म्हणाला, आणि आवाज फुटला. ती आई मुलापुढे वाकली नव्हती, चिवरापुढे वाकली होती. मुलाला मात्र त्या क्षणापासून चिवराचं वजन कळलं. त्यानंतर त्याला शिस्तीसाठी कुणाला टोकावं लागलं नाही.

तरुणांना काही काळ घरापासून तोडून व्रतात ठेवण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आहे. थायलंडमध्ये तरुण एका वर्षावासापुरते, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांपुरते, भिक्खू होतात, ब्रह्मदेशात लहान मुलांना समारंभाने चीवर देतात. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चचे मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षं, मुली दीड वर्ष, बहुतेक स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खर्चानं धर्मप्रचाराला जातात. देश त्यांनी निवडायचा नसतो. ते नेहमी जोडीनं राहतात. एकटं कुठं जायचं नाही. बुद्धानं आपल्या पहिल्या साठ शिष्यांना उलट सांगितलं होतं: दोघांनी एका वाटेनं जाऊ नका, म्हणजे अधिक लोकांपर्यंत पोहोचाल. त्याच परंपरेत अशोकाच्या काळी महाधम्मरक्खित थेर महारट्ठात, म्हणजे महाराष्ट्रात आले, असं महावंस या पाली ग्रंथात नोंदलं आहे. आपल्या शहराच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढे गुडघे टेकलेले स्त्री-पुरुष उपासक जवळपास माणसाच्या आकाराचे कोरले आहेत. शिल्पकारानं त्यांच्या केशरचना आणि दागिने फार मन लावून घडवले. देणाऱ्यांना तेव्हाही एवढं मोठं स्थान होतं.

पण घेण्यानं जबाबदारी येते, आणि याबद्दल बाबासाहेब कठोर होते. 1950 मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिताना त्यांनी संघावर थेट टीका केली. भिक्खू संख्येनं पुष्कळ, पण सेवा करत नाहीत. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आशियात शिक्षण आणि औषधोपचार यांच्या बळावर जागा मिळवली, ते शिका, हा त्यांचा मुद्दा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतही त्यांनी विचारलं, की बुद्धानं भिक्खू घडवला तो स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हावा म्हणून की समाजाचा सेवक व्हावा म्हणून? पहिलं असेल तर त्याचा धम्मप्रसाराला उपयोग नाही.

संध्याकाळच्या देसनेनंतर हाच प्रश्न वस्ती आपल्या भाषेत विचारते. निब्बाणाबद्दल फार थोडे विचारतात. नवऱ्याची दारू कशी सुटेल, फायनान्सचे हप्ते थकलेत, मुलगी हुशार आहे पण घरचे लग्नाचं बघतायत, पोरगं गुटखा खातं. आमच्या रिक्षाचालक श्रामणेरानं पाच मिनिटांत स्वतः गुटखा कसा सोडला ते सांगितलं, आणि त्या दिवशी सर्वाधिक माणसं त्याच्याभोवती जमली. पाली गाथा चुकल्या असतील, पण अनुभव खरा होता.

चीवर उतरवल्यावर माणूस पुन्हा शिफ्टला जातो, पुन्हा संध्याकाळी जेवतो. दहा दिवसांत कुणी अर्हत होत नाही. पण आता मला माझ्या वस्तीतली दारं ठाऊक आहेत: कुठं दहावीचा मुलगा पत्र्याखाली दिव्याशिवाय अभ्यास करतो, कुठं म्हातारी एकटी राहते, कुठल्या घरी रात्री भांडण होतं. आमच्यातले काही जण आता रविवारी विहारात मुलांचे गणित-इंग्रजीचे वर्ग घेतात. शिबिर भरवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की समारोपाचा फोटो निघाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. प्रत्येक श्रामणेराला त्यानं ज्या गल्लीत भिक्षा घेतली ती गल्ली वर्षभरासाठी नेमून द्या. ज्यांच्या घरचं पहिलं अन्न खाल्लं, त्यांच्या मुलांची फी, दाखले, अभ्यास, व्यसन यांकडे त्यानं लक्ष द्यावं. ओट्यावरच्या त्या बाबांना देण्यासारखं दुसरं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हे उत्तर तोंडानं देता येत नाही.