गॉल्फच्या मैदानावरचे उपद्रव

गॉल्फ हा खेळ आपल्या समाजास फारसा परिचित नाहीं, आणि जो कांहीं परिचय आहे तो बहुधा ऐकीव आहे. निवृत्त साहेब, दूरवर पसरलेली हिरवळ, आणि एका इवल्याशा चेंडूमागें पांच-सहा मैल चालणारीं धट्टींकट्टीं माणसें, एवढेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. जालन्याच्या मस्तगडाजवळ राहणाऱ्या एखाद्या वाचकानें हें पान उघडतांच "आमच्या कुंडलिकेच्या कांठीं या खेळाचें काय प्रयोजन?" असें विचारल्यास त्यांत कांहीं गैर नाहीं. मस्तगड १७२५ सालीं निजाम-उल्-मुल्क असफजहाच्या आज्ञेवरून काबिलखानानें बांधविला. पुढें इंग्रजी अमदानींत याच गांवीं हैदराबाद कंटिंजंटची छावणी पडली, आणि साहेब लोकांची राहणी व त्यांचे छंद गांवकऱ्यांनीं पाहिले ते लांबूनच.

आतां काळ उलटला आहे. याच गांवच्या वाड्यांतून निघालेलीं मुलें पुण्यास, बंगळुरास, अमेरिकेंत नोकऱ्या करितात. तीर्थरूपांना व मातोश्रींना सहा महिन्यांसाठीं तिकडे बोलावून घेतात, आणि एखाद्या शनिवारीं सकाळीं "बाबा, आज आमच्याबरोबर मैदानावर चला," म्हणून गाडींत बसवितात. अशा वेळीं नवख्या माणसाची जी फजिती होते, ती चेंडू न लागल्यामुळें होत नाहीं. चेंडू न लागणें हें त्या खेळांत सर्वांनाच ठाऊक असतें, आणि त्याबद्दल कोणी रागें भरत नाहीं. लोक कपाळास आंठ्या घालतात त्या निराळ्याच गोष्टींसाठीं, आणि त्या गोष्टी अंगीं बाणलेले उपद्रवी लोक वीस वर्षें खेळलेल्यांतही सांपडतात. म्हणून हा विषय घेतला आहे.

या खेळाचे पहिले लेखी नियम १७४४ सालीं स्कॉटलंडमध्यें लीथ येथें, रुप्याच्या काठीचें बक्षीस लावलेल्या एका सामन्याच्या निमित्तानें झाले. ते अवघे १३ होते. शिष्टाचाराविषयीं त्यांत अक्षर नाहीं. मात्र चेंडू एखाद्या माणसानें, घोड्यानें किंवा कुत्र्यानें अडविल्यास तो जेथें थांबेल तेथूनच मारावा, असें एक कलम आहे. (आपल्याकडे हे नियम झाले असते तर त्यांत गाईचें नांव आधीं आलें असतें!) पुढें शिष्टाचाराचें प्रकरण नियमांच्या पुस्तकाच्या आरंभीं स्वतंत्रपणें छापलें जाऊं लागलें, आणि २०१९ सालच्या मोठ्या दुरुस्तींत तें पहिल्याच नियमांत गोंवण्यांत आलें. प्रामाणिकपणानें खेळावें, दुसऱ्याची सोय पाहावी, मैदानाची निगा राखावी, असा त्याचा आशय आहे. इतक्या साध्या गोष्टी पुस्तकांत कशाला लिहाव्या लागतात, असें घरीं बसून वाटतें. मैदानावर एक सकाळ काढली कीं ती शंका उरत नाहीं.

पहिला उपद्रव आवाजाचा. खेळणारा काठी उगारून उभा राहिला कीं त्या क्षणीं आजूबाजूच्यांनीं बोलूं नये, हलूं नये, आणि त्याच्या नजरेच्या रेषेंत तर मुळींच उभें राहूं नये. संध्येस बसलेल्या आजोबांच्या समोरून पोर धांवत गेलें म्हणजे काय होतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास याचें मर्म लगेच कळेल. पूर्वीं कुजबुज, खोकला व खिशांतल्या नाण्यांची खुळखुळ एवढ्यावर हें भागत असे. आतां खिशांत दूरध्वनि असतो, आणि तो नेमका काठी उगारलेली असतां वाजतो. त्याहून पुढची पायरी म्हणजे त्या यंत्रावर मोठ्यानें गाणीं लावून फिरणारे रसिक. गाणें कितीही गोड असो, दुसऱ्याच्या कानीं तें त्याला न विचारतां घालणें ही जबरदस्तीच होय.

दुसरा उपद्रव संथपणाचा, आणि माझ्या मतें या खेळांतील सर्वांत मोठा. अठरा भोंकांचा एक फेरा पुरा होण्यास चार जणांस चार तासांच्या आसपास लागतात. मैदानावर अशा टोळ्या एकामागून एक सोडलेल्या असतात. त्यांतील एक टोळी रेंगाळली कीं मागच्या साऱ्या खोळंबतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. सकाळच्या प्रहरीं न्हाणीघरांत एक जण गाणें म्हणत बसला म्हणजे मागच्या सात जणांची शाळा, कचेरी व देवपूजा बाहेर तिष्ठत उभी राहते. गॉल्फमधला हा गृहस्थ चार वेळां काठी बदलतो, गवताचें पातें तोडून वारा पाहतो, सहा वेळां हवेंत काठी फिरवितो, आणि अखेरीस चेंडू वीस हात पुढें ढकलतो. त्याला घाई करा म्हटलें तर राग येतो. २०१९ च्या नियमांनीं या रोगावर औषध योजिलें आहे: आपली पाळी आल्यावर ४० सेकंदांत चेंडू मारावा अशी शिफारस आहे, आणि हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पूर्वीं ५ मिनिटांची होती ती ३ मिनिटांवर आणली आहे. मागच्या टोळीस हात करून पुढें जाऊं देणें हा जुना रिवाज तर आहेच. पण तसा हात करणें पुष्कळांना मानहानीचें वाटतें. आपला चेंडू झुडुपांत शोधीत ते पाठ फिरवून उभे राहतात, जणूं मागें कोणी नाहींच.

तिसरा प्रकार सल्लागारांचा. कॅरमच्या फळ्याभोंवतीं व पत्त्यांच्या डावामागें उभे राहणारे जे असतात, तेच हे. "खांदा वळवा," "मान वर करूं नका," असें ते प्रत्येक फटक्यानंतर सांगतात. स्वतःचा चेंडू तळ्यांत गेलेला असला तरी सांगतात. सामन्यांत आपल्या जोडीदाराखेरीज दुसऱ्यास सल्ला देणें हा नियमभंगच आहे, आणि फटक्यांच्या मोजणीच्या सामन्यांत त्याबद्दल दोन फटक्यांचा दंड बसतो. सुटीच्या दिवशीं हा दंड वसूल करणारा कोणी नसतो, ही दुर्दैवाची गोष्ट.

वसूल करणारा नसतो हीच या खेळाची गोम आहे. क्रिकेटमध्यें बोट वर करणारा पंच डोळ्यांसमोर असतो. येथें नेहमींच्या खेळांत आपणच आरोपी, आपणच साक्षीदार आणि आपणच न्यायाधीश. १९२५ सालच्या अमेरिकेच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत बॉबी जोन्स या खेळाडूचा चेंडू गवतांत अगदीं किंचित् हलला. तें त्याच्यावांचून कोणी पाहिलें नव्हतें. त्यानें स्वतःहून एक फटका दंड म्हणून मांडून घेतला. शेवटीं बरोबरी झाली व पुन्हां झालेल्या खेळांत तो हरला. त्या एका फटक्यानें त्याचें अजिंक्यपद गेलें. याच्या उलट, झुडुपामागें सात फटके मारून बाहेर येऊन "पांच" असें निर्विकारपणें सांगणारे सद्गृहस्थ कोणत्याही मैदानावर भेटतात. बुद्धिबळांत चाल परत घेणाऱ्यांचे ते भाऊबंद होत. त्यांच्याशीं वाद घालूं नये. पण पैजेचा खेळ तर मुळींच खेळूं नये.

मैदानाच्या निगेचें थोडक्यांत सांगतों. काठीबरोबर गवतासकट मातीचें ढेकूळ उडतें, तें उचलून पूर्वींच्या जागीं बसवावें व पायानें दाबावें. भोंकाभोंवतींची हिरवळ गालिच्यासारखी असून तिचें गवत तीन-चार मिलिमीटर उंचीचें राखलेलें असतें. त्यावर उंचावरून चेंडू पडला कीं खळगा पडतो. तो लगेच नीट केला तर थोड्या दिवसांत भरून येतो, तसाच सोडला तर कित्येक आठवडे तेथें डाग राहतो. वाळूच्या खड्ड्यांतून बाहेर पडतांना आपलीं पाउलें फावड्यानें पुसावींत. हें न करणारा माणूस आणि ताज्या सारवलेल्या अंगणांतून चपला घालून जाणारा माणूस यांत मला कांहीं फरक दिसत नाहीं. दोघांनाही अंगण कोणी सारवलें याचा विचार शिवलेला नसतो.

आतां शिष्टाचाराचा जो भाग मैदानाबाहेर, क्लबाच्या दारांत सुरू होतो, त्याविषयीं. आमच्याकडे हा खेळ आला तो बंद दारांतून. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटनबाहेरच्या क्लबांत तो सर्वांत जुना गणला जातो. त्यानंतरची शंभर वर्षें अशा बहुतेक क्लबांत हिंदी मनुष्यास प्रवेश मिळे तो सामान वाहण्यापुरता. मुंबईस लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकारानें १९१८ सालीं जो क्लब निघाला, त्यानें युरोपियन व हिंदी या दोघांनाही सभासद करून घेतलें, तेव्हां ती मोठी क्रांति वाटली. स्त्रियांची कथा त्याहून लांबलेली आहे. सेंट अँड्र्यूजच्या ज्या प्रख्यात क्लबाच्या शब्दावर जगभर हा खेळ चालत आला, त्यानें स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव केला तो २०१४ सालीं! आणि १७४४ चे ते १३ नियम ज्या मंडळींनीं केले, त्यांच्या क्लबांत २०१६ सालीं तसा ठराव पुरेशा मतांच्या अभावीं फेटाळला गेला व पुढच्या वर्षीं मंजूर झाला. शिष्टाचाराचे धडे देणाऱ्यांनाही शिकण्यासारखें पुष्कळ असतें. दरम्यान २०२१ सालीं तोक्योस झालेल्या ऑलिंपिकांत पुण्याचा उदयन माने भारतातर्फे खेळला, आणि स्त्रियांच्या सामन्यांत अदिति अशोक ही मुलगी चौथी आली. पदक अवघ्या एका फटक्यानें हुकलें.

नाशिकास गॉल्फ क्लब मैदान म्हणून प्रसिद्ध असलेलें मैदान आहे. त्याचें आजचें नांव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ज्या तरुणानें २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाटकगृहांत कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली, त्याचें नांव साहेबांच्या खेळाच्या मैदानास मिळालें, आणि तेथें क्रिकेटचे सामने होऊं लागले. लोकांच्या तोंडीं मात्र गॉल्फ क्लब हेंच नांव रुळलेलें आहे.

सर्वांत गंभीर गोष्ट शेवटीं राखून ठेविली आहे. गॉल्फचा चेंडू सुमारें ४६ ग्रॅम वजनाचा, लिंबाएवढा, पण दगडासारखा कठीण. चांगल्या खेळाडूच्या फटक्यानें तो ताशीं २०० किलोमीटरहून अधिक वेगानें सुटतो. तो भलतीकडे जातांना दिसला कीं "फोर!" म्हणून पूर्ण आवाजानें ओरडावें, हा जगभरचा संकेत आहे. पुष्कळ लोक संकोचानें ओरडत नाहींत. आपला फटका चुकला हें चारचौघांत जाहीर होईल, ही लाज त्यांना वाटते. इंग्लंडांत १९२२ सालीं एका खटल्याचा निकाल लागला. रस्त्यालगतच्या मैदानावरून आलेला चेंडू टॅक्सीच्या कांचेवर आदळून चालकाचा डोळा गेला होता. न्यायालयानें खेळाडूबरोबर क्लबासही जबाबदार धरलें, कारण त्या जागेवरून चेंडू वारंवार रस्त्यावर येत असत. २०१८ सालीं पॅरिसजवळ रायडर करंडकाच्या सामन्यांत, एवढा बंदोबस्त असूनही, चेंडू लागून एका प्रेक्षक स्त्रीच्या एका डोळ्याची दृष्टि गेली.

आपल्याकडे या चेंडूच्या वाटेंत सर्वांत आधीं कोण असतो? कॅडी. दहा-बारा किलोंची पिशवी खांद्यास लावून तो मालकाबरोबर चालतो. मैदानाचे चढउतार त्याला पाठ असतात, वारा त्याला कळतो, आणि चेंडू कोठें पडला हें पाहण्यासाठीं पुष्कळदां त्यालाच पुढें उभें केलें जातें. त्यांतले बहुतेक जण मासिक पगारावर नसून फेऱ्यावर असतात. पाऊस पडला कीं फेरा नाहीं, आणि फेरा नाहीं तर पैसा नाहीं. एका क्लबांत पन्नाशीच्या पुढच्या कॅडीस विशीतला खेळाडू "ए" म्हणून हांक मारीत होता. तोच तरुण शेजारच्या अनोळखी सभासदास पदोपदीं "सर" म्हणत होता. फटका चुकल्यावर "कसली काठी दिलीस?" म्हणून त्याच कॅडीवर तोंडसुख घेण्याचा प्रकार तर इतका रूढ आहे कीं तो पाहून कोणी दचकतही नाहीं.

याच कॅडींतून खेळाडू निघाले आहेत. अमेरिकेंत १९१३ सालीं फ्रान्सिस वीमेट या वीस वर्षांच्या पोरानें इंग्लंडच्या दोन नामांकित खेळाडूंना हरवून अजिंक्यपद मिळविलें; तो पूर्वीं कॅडी होता, आणि त्या दिवशीं त्याची पिशवी उचलणारा मुलगा दहा वर्षांचा होता. आपल्याकडे अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढला व त्यानें १९९१ आणि १९९३ या दोन्ही सालीं इंडियन ओपन जिंकली. त्याच्या आधीं ही स्पर्धा जिंकणारा एकच हिंदी खेळाडू होऊन गेला होता, पी. जी. सेठी, १९६५ सालीं.

तेव्हां मुलाबरोबर किंवा जांवईबापूंबरोबर मैदानावर जाण्याचा प्रसंग आलाच, तर वेळेच्या आधीं अर्धा तास जावें. दूरध्वनि बंद करून पिशवींत ठेवावा. कॅडी मिळाल्यास प्रथम त्याचें नांव विचारावें, वयानें मोठा असल्यास अहो-जाहो करावें, पाण्याची बाटली त्याच्यासाठींही एक घ्यावी, आणि आपण फटका मारीपर्यंत त्याला पुढें न पाठवितां मागें उभें राहण्यास सांगावें. पैसे ठरल्याप्रमाणें फेरा संपतांच त्याच्या हातीं द्यावे. उन्हांत चार तास चाललेल्या माणसास सुट्या पैशांसाठीं ताटकळत ठेवूं नये.