कापसाचे शहर आणि त्याचे वर्तमानपत्र



खामगाव, अमरावती, जळगाव या बाजूच्या मंडळींना कापसाचा भाव म्हणजे काय, हे सांगायला नको. बोंड फुटले की सगळ्या घराचे लक्ष बाजाराकडे लागते. पण एक काळ असा होता, की वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचा भाव सातासमुद्रापलीकडच्या घडामोडींवर ठरत असे. इंग्लंडातल्या लिव्हरपूल बंदरात कापूस उतरे आणि तेथून तीसेक मैलांवरच्या मँचेस्टर शहरात आणि त्याच्या आसपासच्या गिरण्यांत त्याचे सूत व कापड होई. त्या मँचेस्टरची, तिथल्या भागीदाऱ्यांची आणि त्या पैशातून निघालेल्या एका वर्तमानपत्राची हकीकत आज सांगावयाची आहे. हकीकत परमुलखातली खरी, पण तिच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो आपल्याही घरचा आहे. आपण जे वर्तमानपत्र वाचतो, त्याच्यामागे पैसा कोणाचा? आणि तो पैसा कोणत्या कराराने बांधलेला आहे?

प्रथम शहर कसे वाढले ते पाहू. मँचेस्टर हे मूळचे कापडाच्या व्यापाराचे गाव. १७६१ साली खाणीतला कोळसा थेट गावात आणणारा कालवा झाला आणि कोळसा स्वस्त झाला. पुढे वाफेचे यंत्र आले. सुताला दमट हवा मानवते, ती तेथे आयतीच होती. बंदर जवळ होते. १८०१ साली शहराची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास होती, ती १८५१ साली तीन लाखांवर गेली. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर आगगाडी सुरू झाली. लोक या शहराला कापसाची राजधानीच म्हणू लागले.

एवढ्या गिरण्या उभ्या करायला पैसा कोठून आला? एकट्या माणसाचा पैसा पुरणारा नव्हता. ज्याला यंत्रातले कळे त्याच्याजवळ भांडवल नसे आणि ज्याच्याजवळ भांडवल असे त्याला यंत्रातले कळत नसे. आपल्याकडे एक बैल असलेला शेतकरी दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो, तसाच हा प्रकार. मॅकॉनेल आणि केनेडी हे दोघे स्कॉटलंडहून आलेले कारागीर. यंत्रे बनवता बनवता ते सूत कातू लागले आणि १७९५ साली त्यांनी आपली भागीदारी उभी केली. पुढे त्यांची गिरणी शहरातल्या मोठ्या गिरण्यांत मोजली जाऊ लागली.

पण सावडीत आणि भागीदारीत एक मोठा फरक आहे. सावड मोडली, तर ज्याचा बैल तो घेऊन जातो. त्या काळच्या भागीदारीत धंदा बुडाला, तर देणेकरी प्रत्येक भागीदाराच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकत. शिवाय एखादा भागीदार वारला किंवा बाहेर पडला, की त्याचा वाटा मोकळा करून द्यावा लागे. फ्रेडरिक एंगेल्स हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. मजुरांच्या हालांवर १८४५ साली ग्रंथ प्रसिद्ध करणारा हा माणूस मँचेस्टरातल्याच एका सुताच्या पेढीत वर्षानुवर्षे नोकरी करत होता. त्याच्या वडिलांचा त्या पेढीत वाटा होता. तो १८६४ साली भागीदार झाला आणि १८६९ साली आपला वाटा घेऊन बाहेर पडला. कार्ल मार्क्सला तो जी मदत करी, ती याच पेढीच्या कमाईतून. भागीदारीतला पैसा असा असतो. करार संपला की तो आपल्या वाटेने निघून जातो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण वर्तमानपत्राच्या हकीकतीत ती पुन्हा येणार आहे.

आता वर्तमानपत्राकडे वळू. एवढे मोठे शहर, पण पार्लमेंटात त्याचा स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. १६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटरच्या मैदानावर सुमारे साठ हजार माणसे मताचा हक्क मागण्यासाठी जमली. बायकामुलेही होती. अधिकाऱ्यांनी त्यांच्यावर घोडेस्वार घातले. दहापंधरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. या प्रसंगाला पीटर्लू म्हणतात. लंडनच्या टाइम्सच्या बातमीदाराला तेथेच अटक झाली. तेव्हा सरकारी हकीकतच खरी म्हणून लंडनला पोचेल, या भीतीने जॉन एडवर्ड टेलर नावाच्या कापसाच्या व्यापाऱ्याने स्वतः हकीकत लिहून लंडनला धाडली.

यातूनच स्वतःचे पत्र काढावे ही कल्पना निघाली. टेलरच्या पाठीशी अकरा स्नेही उभे राहिले आणि सुमारे हजार पौंड जमले. ५ मे १८२१ रोजी ‘मँचेस्टर गार्डियन’चा पहिला अंक निघाला. दर शनिवारी एक अंक, किंमत सात पेन्स; त्यातले चार पेन्स सरकारी स्टँपचे. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे कराचेच. गरीब मजुराने तो कसा घ्यावा? वाचणारे अर्थातच व्यापारी आणि कारखानदार. जेरेमाया गार्नेट हा छापखान्याचे काम जाणणारा माणूस टेलरला मिळाला. छपाई, हिशेब आणि बातम्या तिन्ही तो सांभाळी. पुढे तो भागीदार झाला आणि टेलर १८४४ साली वारल्यावर संपादकही झाला. एकाची लेखणी आणि दुसऱ्याचा छापखाना असे हे जोडपे चांगले जमले. १८५५ साली स्टँपचा कर उठला आणि पत्र रोज निघू लागले.

येथपर्यंत सगळे छान वाटते. अन्यायाविरुद्ध लिहिणारा माणूस, मदतीला धावून येणारे मित्र आणि वाढता खप. पण या पैशाचा उगम कोठे होता, तेही पाहिले पाहिजे. हा पैसा कापसाचा होता आणि तो कापूस बहुतांशी अमेरिकेतून येई. तेथल्या मळ्यांत तो गुलामांच्या हातांनी वेचला जाई. टेलर आणि त्याचे स्नेही सुधारणेची भाषा बोलत, पण त्यांच्या गाठोड्याची गाठ तेथे बांधलेली होती.

या गोष्टीची कसोटी १८६१ साली लागली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि कापूस येईनासा झाला. मँचेस्टर भोवतालच्या लँकेशायर परगण्यात गिरण्या बंद पडल्या. १८६२ च्या अखेरीस सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. त्या वेळी ‘गार्डियन’ लिंकनवर कडक टीका करीत होते. आणि मजूर? सगळ्यांचे मत एक नव्हते हे खरे. पण ३१ डिसेंबर १८६२ रोजी फ्री ट्रेड हॉलमध्ये, म्हणजे पीटर्लूच्याच मैदानावर पुढे बांधलेल्या इमारतीत, मँचेस्टरचे कामकरी लोक जमले आणि त्यांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्याला उत्तर दिले. ज्यांची चूल विझली होती त्यांना जे दिसले, ते व्यापाऱ्यांच्या पत्राला त्या वेळी दिसले नाही.

याच युद्धाने आपल्याकडे काय केले, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेचा कापूस थांबताच मुंबईच्या कापसाला मागणी आली. भाव काही पटींनी चढले. मुंबईत शेअरांचे वेड पसरले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. त्यानंतर रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली आणि १८७० साली खामगावच्या कापूसबाजारासाठी फाटा निघाला. रूळ आपल्या गावातून गेले, पण बाजाराची दोरी दुसऱ्यांच्या हाती राहिली.

पुन्हा मँचेस्टरला जाऊ. टेलरच्या मुलाने आपल्या नात्यातल्या सी. पी. स्कॉट या तरुणाला पत्रात आणले. १८७२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, स्कॉट संपादक झाला आणि १९२९ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, त्या खुर्चीवर राहिला. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले, तेव्हा स्कॉटने त्याला विरोध केला. लोक खवळले, खप घसरला, कचेरीला पोलिसांचा पहारा ठेवावा लागला. पत्र तरी मागे हटले नाही. ते टिकले याचे एक कारण असे, की त्यातल्या बाजारभावाच्या बातम्या चोख असत. स्कॉटचे राजकारण न आवडणारा व्यापारीही कापसाच्या बातमीसाठी अंक घेई. अग्रलेख कितीही थोर असो, बातमी खात्रीची नसेल तर पत्र उभे राहत नाही, हे शिक्षक मंडळींनी मुलांना जरूर सांगावे.

पण मालक होता टेलरचा मुलगा, स्कॉट नव्हे. १९०५ साली तो मालक वारला आणि भागीदारीचा जुना प्रश्न उभा राहिला. आता वाटा कोणाचा? पत्र परक्या हाती जाण्याची वेळ आली होती. अखेर १९०७ साली स्कॉटने घरच्यांची मदत घेऊन, दोन लाखांहून अधिक पौंड मोजून ते विकत घेतले. १९३२ साली स्कॉट वारला आणि त्याच वर्षी त्याचा संपादक मुलगा सरोवरात बुडून वारला. राहिला दुसरा मुलगा जॉन. उद्या तोही गेला, तर वारसाकराची रक्कम भरण्यासाठी पत्रच विकावे लागेल, अशी धास्ती होती. तेव्हा १९३६ साली जॉन स्कॉटने एक विलक्षण गोष्ट केली. आपली सगळी मालकी त्याने विश्वस्तांच्या स्वाधीन केली. नफा कोणाच्या खिशात जाऊ नये, तो पत्रासाठीच वापरावा, अशी व्यवस्था झाली. आपल्याकडे एखादा माणूस देवळाच्या नावाने जमीन लिहून देतो, मग ती त्याचे वारस विकू शकत नाहीत. तसेच हे झाले. २००८ साली त्या विश्वस्त संस्थेचे रूप बदलून कंपनी झाली, पण हेतू तोच ठेवला आहे.

मधल्या काळात शहराचे नशीब फिरले होते. जपान, हिंदुस्थान येथे गिरण्या उभ्या राहिल्या. आपल्या स्वदेशीच्या चळवळीचाही धक्का बसला. १९३१ साली महात्मा गांधी लँकेशायरमध्ये जाऊन बेकार मजुरांना भेटले आणि हिंदुस्थानातले दारिद्र्य त्याहून किती खोल आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. कापसाच्या पैशावर जन्मलेले पत्रही हलू लागले. १९५९ साली त्याने नावातून ‘मँचेस्टर’ हा शब्द काढला. १९६१ साली लंडनमध्ये छपाई सुरू झाली, १९६४ साली संपादक तेथे राहावयास गेला. त्या तोट्याच्या वर्षांत पत्र जगले ते कोणाच्या जिवावर? ‘मँचेस्टर ईव्हनिंग न्यूज’ या त्याच घरातल्या सायंकाळच्या पत्राच्या नफ्यावर. म्हणजे शहर सोडल्यावरही शहरच त्याला पोसत होते. ते सायंपत्र २०१० साली विकले गेले.

आणि मूळच्या पैशाचा हिशेब? तोही अखेर निघाला. पत्राच्या विश्वस्तांनी आपल्या संस्थापकांचा शोध घ्यावयास लावला आणि २०२३ साली तो प्रसिद्ध केला. टेलर आणि त्याच्या अकरा पाठीराख्यांपैकी निदान नऊ जण गुलामगिरीशी, मुख्यतः कापसामुळे, जोडलेले होते असे निघाले. विश्वस्तांनी जाहीर माफी मागितली आणि भरपाईच्या कामासाठी मोठी रक्कम देऊ केली. दोनशे वर्षांनी का होईना, आपली वही आपणच उघडून दाखवणे सोपे नाही.

मंडळी, आपल्याकडेही हे प्रश्न उठले आहेत. ‘केसरी’ १८८१ साली टिळक, आगरकर आदी स्नेह्यांनी मिळून काढला, पण मतभेद झाले, आगरकर बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. मुंबईत गिरणी कामगारांची बाजू मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० साली ‘दीनबंधु’ हाती घेतला. १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तिच्यामागे त्यांचीच धडपड होती. व्यापाऱ्याच्या पत्राला जे दिसत नाही, ते दाखवायला मजुराचे पत्र लागते.

म्हणून गावच्या वाचनालयात किंवा शाळेत वर्तमानपत्र आले, की बातमी वाचावीच, पण मालक कोण, जाहिराती कोणाच्या, हेही मुलांना विचारावे. शक्य असेल तेथे एका घटनेसाठी दोन पत्रे शेजारी ठेवून वाचावीत. पत्राचा मालक श्रीमंत आहे एवढ्यावरून त्याची बातमी खोटी ठरत नाही आणि संपादक सज्जन आहे एवढ्यावरून ती पुरी ठरत नाही.

मँचेस्टरच्या कापूसबाजारातला व्यवहार १९६८ च्या अखेरीस थांबला. त्या भव्य दालनात पुढे नाटकगृह झाले. पण शेवटच्या दिवशीच्या भावांचा फलक अजून भिंतीवर उंच तसाच ठेवलेला आहे. नाटकाला येणारी माणसे मान वर करून तो पाहतात. त्या आकड्यांकडे एके काळी वऱ्हाडातल्या घराघरांचे डोळे लागलेले असत, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. आपल्याला ते ठाऊक असावे, एवढ्यासाठीच ही हकीकत सांगितली.