काय ठेवायचं, काय काढायचं : घरोघरच्या कॉम्प्युटरसोबत एक गुरुवार

सकाळी ७

पुण्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचं माझं काम. दिवसाची सुरुवात मात्र माझ्या स्वतःच्या मशीनपासून होते. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तोवर रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. काल दिवसभर ती मी माझ्याकडे चालवून पाहिली. प्रिंटर चालतो, मराठी कीबोर्ड चालतो, बँकेची साइट उघडते. आज सगळ्या ग्राहकांना निरोप गेला : रात्री कॉम्प्युटर बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’ निवडा आणि मधेच स्विच बंद करू नका.

अपडेटचा कंटाळा करणाऱ्यांना मी २०१७ सालची हकिगत सांगते. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस १२ मे रोजी जगभर पसरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम खोळंबलं. विंडोजच्या ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. त्याच त्रुटीचा फायदा उठवणारा ‘नॉटपेट्या’ जूनमध्ये आला, तेव्हा आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. औषध दोन-तीन महिने आधीपासून फुकट मिळत होतं, ते लावलेलं नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरची सुरक्षा म्हटलं की लोकांना आधी अँटिव्हायरस आठवतो. माझ्या यादीत पहिला क्रमांक अपडेटचा.

सकाळी ९.३०

कोथरूडला निवृत्त काकांचं घर. तक्रार नेहमीची : “अगं, चालू केला की चहा होतो, पेपर वाचून होतो, तरी हा तयार होत नाही.”

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटलेला. ‘स्टार्टअप’च्या यादीत एक पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस, कुणीतरी फुकट बसवून दिलेला दुसरा, एक ‘स्पीड बूस्टर’, एक ‘रजिस्ट्री क्लीनर’ आणि एक ‘ड्रायव्हर अपडेटर’.

“दोन असले तर जास्त सुरक्षित ना?” काकांनी विचारलं.

“नाही काका. प्रत्येक फाइल उघडताना दोघंही तिची झडती घेतात, शिवाय एकमेकांच्या हालचालींवर संशय घेतात. त्यात मशीनचा जीव जातो आणि सुरक्षा काही वाढत नाही. पहारेकरी एकच हवा, पण जागा राहणारा.”

तो एक कोणता? विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मुळातच असतो. दुसरा अँटिव्हायरस आला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो आणि दुसरा काढला की परत कामाला लागतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अशा सॉफ्टवेअरच्या नियमित चाचण्या घेऊन निकाल जाहीर करतात. डिफेंडर त्यात आता नामवंतांच्या बरोबरीने उभा असतो. विंडोज अपडेटेड असेल, वापर बँक, मेल, यूट्यूब एवढाच असेल, तर घरासाठी तो पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे भरून घेण्यातही गैर काही नाही. अडचण आली की मराठीत बोलणारं माणूस फोनवर हवं, मुलांसाठी वेळेचं बंधन हवं, अशा गरजा असतील तर जरूर घ्यावा. पुण्याला अँटिव्हायरस बनवण्याची परंपराही आहे. कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकटे बंधू संजय यांनी ग्राहकांच्या मशीनवरचे व्हायरस काढायला साधनं लिहिली आणि नव्वदच्या दशकात त्यातून क्विक हील उभं राहिलं. दुरुस्तीच्या टेबलावरून इथवर जाता येतं, याचा माझ्यासारखीला अभिमान वाटतो. फक्त विकत घेताना पहिल्या वर्षाची सवलत बाजूला ठेवून नूतनीकरणाचा दर पाहावा.

फुकटाच्या बाबतीत कंपनी पैसे कशातून कमावते, हे विचारावं. अव्हास्टने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचं ठरवलं. आपल्या रक्षणासाठी बसवलेलं सॉफ्टवेअर आपल्यावरच नजर ठेवत होतं.

बूस्टर आणि क्लीनर मात्र मी ठेवतच नाही. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंगची वही. तिच्यात उरलेल्या जुन्या नोंदी काढून वेग वाढल्याचं मी कधी पाहिलेलं नाही आणि चुकीची नोंद उडाली तर विंडोज सुरूच होत नाही. मायक्रोसॉफ्टही अशा साधनांना पाठिंबा देत नाही. शिवाय मशीनवर जेवढी सॉफ्टवेअरं जास्त, तेवढे आत शिरायचे रस्ते जास्त. सीक्लीनर तर किती लोकप्रिय! २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी व्हायरस घुसवला आणि तो सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर पोहोचला. जागा मोकळी करायला विंडोजचं ‘स्टोरेज सेन्स’ पुरेसं आहे.

काकांकडचं जादा सगळं काढलं, डिफेंडर सुरू झाल्याची खात्री केली. वेग थोडा वाढला, पण मूळ दुखणं राहिलं. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क. ती कुठलंही सॉफ्टवेअर बरी करू शकत नाही. काकांच्या संमतीने सीपीयू सोबत घेतला.

सकाळी ११.३०

नारायण पेठेत डीटीपीचं काम घरूनच करणाऱ्या ताई. दिवाळी अंकांचे दिवस. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल लावलेलं, पडद्यावर मुखपृष्ठ, टेबलावर मुद्रितं. त्यांना कुणीतरी पेनड्राइव्हवर एका महागड्या डिझाइन सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ प्रत दिली होती. सोबतच्या फाइलीत सूचना होती : बसवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा.

“एवढं बंद करून दे ना गं, मला जमत नाहीये.”

मी नकार दिला आणि कारण सांगितलं. जी फाइल पहारा उठवल्याशिवाय आत येऊ शकत नाही, तिला आत घ्यायचंच नाही. ‘स्टॉप’ किंवा ‘डेजावू’ या नावाने ओळखला जाणारा खंडणीखोर व्हायरस घरगुती कॉम्प्युटरवर मुख्यतः अशाच क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटरमधून पसरला. तो फाइली कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. पैसे भरून किल्ली मिळेलच असं नाही. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये ‘नो मोर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला, त्यावर काही व्हायरसांच्या किल्ल्या मोफत मिळतात. सगळ्यांच्या मिळत नाहीत.

मग बॅकअपचं विचारलं. बाहेरची हार्ड डिस्क होती, पण कायम मशीनला जोडलेली. व्हायरस आला तर तीही कुलूपबंद होणार. नियम साधा आहे : कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. ताईंसाठी आम्ही असं ठरवलं : रोज संध्याकाळी अंकाची फोल्डर बाहेरच्या डिस्कवर, नंतर डिस्क काढून कपाटात, आणि तीच फोल्डर क्लाउडवर. डिफेंडरमधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ही सुरू केलं. त्यामुळे अनोळखी प्रोग्रॅमला त्या फोल्डरमध्ये बदल करता येत नाही. डीटीपीची रोजची सॉफ्टवेअरं परवानगीच्या यादीत हाताने घालावी लागली, त्यात बराच वेळ गेला. पण अंक छपाईला जाईपर्यंतचं सगळं काम त्याच फोल्डरमध्ये आहे.

चित्रांच्या कामासाठी इंकस्केप उतरवून दिलं. मोफत आहे, कायदेशीर आहे आणि त्यासाठी पहारा उठवावा लागत नाही.

दुपारी १.३०

डबा खाऊन बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. काकांच्या जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवायला एसएसडी घेतली, बिल आणि वॉरंटी तपासून. जुन्या मशीनला वेग हवा असेल तर पैसे खर्च करायची पहिली जागा ही. त्यानंतर रॅम. बूस्टर सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं भरलेली वर्गणी इथे लागली असती तर फरक उघड दिसला असता.

दुपारी ३

घरी, कामाच्या टेबलावर. काकांच्या जुन्या डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या छोट्या मोफत साधनाने पाहिली. डिस्क स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवत असते, हे साधन ती वाचून दाखवतं. खराब सेक्टर वाढू लागलेले होते. म्हणून आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढली, मगच डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर घ्यायला लावली. हा क्रम उलटा करायचा नाही. मरणाऱ्या डिस्कला आधी जड काम दिलं तर फोटोच जातात.

नक्कल होईपर्यंत विंडोजचा प्रश्न. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेट्सची सोय मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची दिली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. काकांचं मशीन त्यात बसतं, फक्त टीपीएम बायोसमध्ये बंद होतं. ते सुरू केलं.

ज्यांचं मशीन बसत नाही त्यांना मी आडमार्गाने विंडोज ११ घालून देत नाही, कारण पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी नसते. मेल, बातम्या, व्हिडिओ आणि पत्रं एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट घालून देते. मराठी टायपिंग तिथेही होतं. पण डिजिटल सहीचं टोकन किंवा विंडोजवरच चालणारं टॅली असेल, तर नवं मशीन घ्या असं सरळ सांगते.

सायंकाळी ५

फोन. सातारच्या काकूंचा आवाज घाबरलेला : “अगं, पडदा लाल झालाय, भोंगा वाजतोय. व्हायरस आलाय म्हणे, खाली नंबर दिलाय. लावू का?”

“काकू, तो नंबर लावू नका. एस्केपचं बटण दाबून धरा. आता ऑल्ट आणि एफ-४ एकदम दाबा.”

पडदा गेला. तो व्हायरस नव्हता, नुसतं वेबपान होतं. विंडोज कधीही फोन नंबर दाखवून मदत घ्यायला सांगत नाही. त्या नंबरवर बसलेला माणूस आधी पडदा लांबून दिसेल असं अ‍ॅप बसवायला लावतो, मग बँकेत लॉगिन करायला लावतो. काकूंनी कधीतरी एका साइटला ‘अलाउ’ म्हटलं होतं, त्यातून असे इशारे येत राहायचे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशनच्या सगळ्या परवानग्या त्यांच्याकडूनच काढून घेतल्या. पुढच्या भेटीत फायरफॉक्स आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घालून देईन. फसव्या जाहिराती दिसल्याच नाहीत तर त्यावर बोटही पडत नाही.

नंबर लिहून घ्यायला सांगितला तो एकच : १९३०. पैसे गेले तर त्या क्षणी हा सायबर गुन्ह्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक लावायचा. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात ते पैसे गोठवण्याची शक्यता असते. आणि व्हायरस खरंच असल्याचा संशय असेल, तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मोफत तपासणी साधनं आहेत.

सायंकाळी ७

औंधमध्ये नवा लॅपटॉप. आई, बाबा आणि अकरावीतला मुलगा समोर बसलेले. नवं मशीन हे माझं सर्वांत आवडतं काम, कारण इथे सवयी सुरुवातीपासून लावता येतात.

कंपनीने घालून दिलेला महिन्याभराचा चाचणी अँटिव्हायरस आधी काढला. मुदत संपल्यावर तो नुसता पैसे मागत बसतो. मग सगळी अपडेट्स. तिघांची तीन वेगळी खाती, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर फक्त आईचं. मुलाच्या खात्यातून काही बसवायचं झालं तर आईचा पासवर्ड लागेल. मुलाला ते आवडलं नाही, पण गेमसोबत येणारं नको ते या एका गोष्टीने पुष्कळ थांबतं. त्यानंतर कागदपत्रांसाठी लिब्रेऑफिस, व्हिडिओसाठी व्हीएलसी, झिप फाइलींसाठी सेव्हन-झिप, पासवर्ड सांभाळायला बिटवॉर्डन. प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच्या मूळ साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून कधीच नाही.

शेवटी महत्त्वाचं. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुधा आपोआप कूटबद्ध होते. चोरी झाली तर हे वरदान आहे. पण कधी मशीनने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली आणि ती सापडली नाही, तर आपल्याच फाइली आपल्याला मिळत नाहीत. ती की खात्यात जमा झाल्याचं दाखवलं आणि आईंना कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवायला लावली.

रात्री ९.३०

काकांचं मशीन एसएसडीवर सुरू झालं. दुपारी ज्या डिस्कवर फोटोंची प्रत काढली होती ती तपासली, फाइली उघडून पाहिल्या. बॅकअप घेतला एवढ्याने भागत नाही, तो उघडतो का हे पाहिल्याशिवाय मी बिल करत नाही. वहीत नोंद : काय काढलं, काय ठेवलं, पुढची भेट कधी.

कुठलंही सॉफ्टवेअर ठेवायचं की नाही हे ठरवताना मी तीन प्रश्न विचारते. हे नेमकं काय काम करतं? ते कुठून आणलं? त्याची अपडेट्स कोण देतं? तिन्हींची उत्तरं मिळाली तर ते राहतं, एकाचंही मिळालं नाही तर जातं. घरच्या कॉम्प्युटरला एक अँटिव्हायरस, एक नीट लावलेला ब्राउझर, एक पासवर्ड मॅनेजर, बॅकअप आणि वेळेवरची अपडेट्स एवढं पुरतं. येत्या रविवारी सेटिंगमधली ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ची यादी उघडा आणि प्रत्येक नावाला हे तीन प्रश्न विचारा. त्याआधी मात्र घरच्या फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा. सॉफ्टवेअर पुन्हा मिळतं, फोटो मिळत नाहीत.