येळवशीचे पाहुणे, लेकरंबाळं आणि आपला फड

सभासद बंधू-भगिनींनो,



गळीत हंगाम ऐन भरात असतो, तोडणी कार्यक्रमावरून गट कार्यालयात रोज गर्दी असते आणि नेमक्या त्याच दिवसांत मार्गशीर्ष अमावस्या येते. पंचांगात ती दर्श वेळा अमावस्या, आपल्या तोंडी येळवस. लातूर आणि धाराशिव जिल्हे, सोलापूर, बीड, नांदेडचा काही भाग आणि पलीकडे बिदर-कलबुर्गीचा कानडी मुलूख एवढ्या पट्ट्यात हा सण आहे. कानडीत त्याला एळ्ळ अमावस्या म्हणतात. बाकीच्या महाराष्ट्राला त्याचे नावही ठाऊक नसते, पण लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे गाव शेतात असते.

पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली भावंडे, सासरी गेलेल्या बहिणी, जावई, भाचरं, नातवंडं सगळी या दिवशी येतात. दिवाळीला न आलेला माणूस येळवशीला येतो. एका शेतात पंधरा-वीस लेकरे एका वेळी मोकाट सुटण्याचा हा वर्षातला बहुधा एकच दिवस. म्हणून या अंकात लागणीचे अंतर आणि खताचे हप्ते बाजूला ठेवून याच दिवसाविषयी चार गोष्टी लिहीत आहे.

सण कशाचा?

हा सण मुळात रब्बी ज्वारीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी या सुमारास पोटरीला किंवा निसवणीला आलेली असते. हरभरा घाटे धरतो, तूर भरते, करडई-जवस फुलावर येते. काळी आई भरल्या अंगाची असते, तिची ओटी भरायची, असे जाणती माणसे सांगतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा आणि मग आंबील शिंपडत पिकाला फेरी घालायची. हा सगळा मान भुईचा आहे.

स्वयंपाक आदल्या दिवसापासून चालतो. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली, लसणाची फोडणी दिलेली आंबील मातीच्या बिंदग्यात भरून डोक्यावर शेतात न्यायची. हिरवा वाटाणा, हरभरा, तूर, वालाच्या शेंगा, चाकवत, मेथी, गाजर, चिंच असे शिवारात जे जे असेल ते घालून केलेली भज्जी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, कडक भाकरी, धपाटे, तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर. शहरातून आलेली सून पहिल्या वर्षी भज्जीकडे बघून नाक मुरडते आणि दुसऱ्या वर्षी डबा भरून नेते, असा आमच्या घरचाही अनुभव आहे.

आणि या जेवणाला आवतन लागत नाही. बांधावरून जाणाऱ्या कोणालाही हाक मारून बसवायचे. ज्याला शेत नाही त्याला तर आधी. ही रीत लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

लेकरांना काय दाखवावे

बऱ्याच ठिकाणी असे होते की मोठी माणसे झाडाखाली गप्पा मारतात, तरुण पोरे पत्ते काढतात आणि लेकरे मोबाइल घेऊन गाडीत बसतात. एवढ्या लांबून आलेले लेकरू शेत न बघताच परत जाते. त्याला काम द्या.

उसाच्या कडेला नेऊन एक ऊस बुडापासून काढून घ्या. त्याचे तीन तुकडे करा : बुडखा, मधला आणि शेंडा. डोळे मिटून चाखायला द्या आणि कोणता गोड ते विचारा. बुडखा गोड, शेंडा अळणी. असे का? तर ऊस खालून वर पिकत जातो. म्हणूनच तोडणी जमिनीलगत करा आणि वाढे छाटा, असे आम्ही जे मेळाव्यात सांगतो ते आठ वर्षांच्या पोराला एका मिनिटात कळते. एक टन उसापासून साधारण शंभर ते एकशेदहा-पंधरा किलो साखर निघते हेही सांगा. चहात साखर घालताना त्याला आजोबांचा फड आठवेल.

दुसरे काम याहून चांगले. सुरू उसाची लागण १५ डिसेंबरपासून १५ फेब्रुवारीपर्यंत चालते आणि येळवस बहुतेक त्याच दिवसांत येते. तुमची लागण तेव्हा चालू असेल तर सरीच्या एका टोकाला प्रत्येक लेकराला एकेक डोळ्याची टिपरी त्याच्या हाताने लावू द्या. डोळा वर किंवा बाजूला राहील एवढे बघा आणि नावाची पाटी रोवा. तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतो. फुटवे आले, कांड्या धरल्या, की फोटो पाठवत जा. सुरू ऊस बारा महिन्यांत तोडणीला येतो, म्हणजे पुढच्या येळवशीला लेकराच्या नावाचे बेट तयार! एका डोळ्याचे किती ऊस झाले ते त्याने स्वतः मोजायचे. पुढच्या वर्षी यायचे की नाही, हा प्रश्न मग आईबापांच्या हातात राहत नाही.

ज्वारीची ताटे, करडईचे काटे, तिफण, बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ हे सगळे दाखवाच. पण एक ध्यानात ठेवा. हौसेने ज्वारीचे कोवळे पोंगे उपटून वासराला चारू देऊ नका. गुडघ्याखालची किंवा पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी खाल्ल्याने जनावराला किराळ लागते आणि घटकेत दावण रिकामी होते.

काय जपावे

सण आनंदाचा आहे, भीती घालण्याचा हेतू नाही. पण शहरातल्या लेकराला शेतातले धोके ठाऊक नसतात आणि घरच्या माणसांना ते रोजच्या सवयीने दिसत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी एक चक्कर मारा आणि एवढे करा.

१. विहीर आणि शेततळे. कठडा नसलेल्या विहिरीभोवती काट्याच्या फांद्या लावा किंवा दोर बांधा. शेततळे विहिरीपेक्षा फसवे. ते उथळ वाटते, पण प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ धरते आणि पाय घसरलेल्या मोठ्या माणसालासुद्धा वर येता येत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर आणि फुगवलेली ट्यूब टाकून ठेवा. एका मोठ्या माणसाने फक्त लेकरांवर नजर ठेवायची, आळीपाळीने. सगळ्यांनी बघायचे म्हणजे कोणीच बघत नाही.

२. फवारलेले पीक. लेकरे हरभऱ्याचे ढाळे उपटून तिथेच सोलून खातात. त्याच दिवसांत घाटे अळीसाठी फवारणी झालेली असते. औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस थांबायचे ते छापलेले असते, ते पाळा. पाहुण्यांसाठी दोन गुंठे हरभरा न फवारता राखला तर सगळ्यात उत्तम. औषधाचे रिकामे डबे आणि पुडे कोपीच्या आसपास दिसता कामा नयेत. थिमेट म्हणून आपण ओळखतो त्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कोणाच्या आखाड्यावर जुना डबा पडला असेल तर लेकरांच्या हाती लागण्याआधी त्याची सोय लावा. कशी, ते गट कार्यालयात विचारा.

३. मोटार आणि डीपी. स्टार्टरची पेटी उघडी नको. जोड दिलेली वायर ओल्या बांधावरून गेलेली असेल तर त्या दिवसापुरता पुरवठा बंद ठेवा. एक दिवस पाणी न दिल्याने ऊस वाळत नाही.

४. ट्रॅक्टर-ट्रॉली. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढण्याची मजा आपणही लहानपणी केली असेल, पण तेव्हा बैलगाड्या होत्या. आता ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि मागच्या ट्रॉलीजवळ लेकरू आहे हे चालकाला दिसत नाही. ऊस पाहिजे तर फडातून तोडून द्या. संध्याकाळी परतताना रस्त्यावर गर्दी असते, तेव्हा वाहनाला मागे रिफ्लेक्टर आहे का ते बघा.

५. शेंगदाणे आणि लहान बाळ. चार वर्षांखालच्या लेकराला अख्खे शेंगदाणे, हरभरे, बोरे देऊ नयेत. रडता-हसताना दाणा श्वासनळीत जातो. कूट करून, मऊ करून द्या.

६. मोहोळ आणि साप. ज्या झाडावर आग्या मोहोळ आहे त्याखाली चूल मांडू नका. पाचटात, कडब्यात हात घालण्याआधी काठीने हलवा. साप चावलाच तर मांत्रिक नाही, चिरा देणे नाही, आवळून बांधणे नाही. लेकराला चालू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्या, १०८ क्रमांकावर गाडी मिळते. सापाच्या विषावरची लस तिथे असते.

७. हेंडगा. दिवस मावळताना कडब्याचा हेंडगा पेटवून शिवारात पळण्याची प्रथा आहे. पोरांना याच्याएवढा आनंद कशाचाच नसतो. पण पूर्वी त्या शिवारात हिरवी ज्वारी होती, आता वाळल्या पाचटाचा पक्व ऊस आहे. एक ठिणगी आपल्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही फडाचे मातेरे करते. जळीत उसाचे वजन घटते, तो तातडीने तोडावा लागतो आणि सगळ्यांच्या तोडणीचा क्रम विस्कटतो. हेंडगा फिरवायचा तर उसापासून लांब, मोकळ्या रानात आणि पाण्याचा ड्रम भरून ठेवून.

कोपीतली दुसरी लेकरे

आता ती आवतनाची रीत. आपली लेकरे त्या दिवशी हौसेने कोपीत शिरतात, खेळतात, फोटो काढतात. त्याच शिवारात, दोन शेते सोडून ऊसतोड टोळीच्या कोप्या असतात. त्या कोप्यांतली लेकरे हंगामभर, चार-पाच महिने त्यातच राहतात. पहाटेच्या थंडीत आईबाप कोयता घेऊन फडात गेले की सहा-सात वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसते. सण त्यांचाही आहे, शेत तेवढे त्यांचे नाही.

काही सभासद टोळीला त्या दिवशी जेवायला बोलावतात. एका गटात मी पाहिले, मुकादमाला दोन दिवस आधी सांगून दुपारची तोड लवकर थांबवली होती. टोळीतली सगळी माणसे पंक्तीला होती. पुण्याहून आलेली नात आणि टोळीतली तिच्याच वयाची पोर सागरगोटे खेळत होत्या. दुसरी जिंकत होती. निघताना नातीने आपल्या वहीतली कोरी पाने तिला दिली. कोणी शिकवले नव्हते. येळवशीचा खरा अर्थ लेकरांना सांगायला भाषण लागत नाही, पंक्तीत कोण बसले आहे ते त्यांना दिसले की पुरे.

एकरभर ज्वारी

शेवटची गोष्ट ऊस विकास अधिकाऱ्याने लिहावी का, असे काहींना वाटेल. लिहितो.

सण ज्वारीचा आणि शिवार उसाचे, अशी आज अनेक गावांची अवस्था आहे. कोपीला कडबा विकत आणावा लागतो. आंबील शिंपडायला ज्वारी नाही म्हणून उसावर शिंपडतात. उसाने आपल्याला पैसा दिला, पोरे शिकवली, घरे बांधली, हे मी नाकारणार नाही. पण एप्रिल २०१६ आठवा. लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. पहिल्या गाडीने ५ लाख लिटर पाणी आणले. आता हिशेब करा. एक एकर उसाला पाटाने तीन इंचाची एक पाळी दिली तर तीन लाख लिटरच्या वर पाणी लागते. म्हणजे ती अख्खी गाडी पावणेदोन एकराच्या एका पाळीलाही पुरली नसती.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. आहे तो ऊस ठिबकवर आणा, ४० ते ५० टक्के पाणी वाचते. पाचट जाळू नका, सरीत दाबा. आणि जमिनीच्या मानाने एखादा एकर, निदान दहा गुंठे, रब्बी ज्वारीला राखा. दाण्या-कडब्याला मालदांडी किंवा परभणी मोती, हुरड्याला फुले उत्तरा किंवा गूळभेंडी. घरची भाकरी होते, जनावरांना कडबा होतो, जमिनीला फेरपालट मिळतो. येळवशीला आलेली लेकरे महिन्याभराने हुरड्याला पुन्हा येतात ती वेगळीच.

आजची दहा वर्षांची नातवंडे उद्याचे सभासद आहेत. त्यांच्या आठवणीत विहिरीला पाणी, बांधाला ज्वारी आणि पंक्तीला चार परकी माणसे असतील, तर शेती सोडायची की करायची हे ठरवताना तीच आठवण पुढे येईल.

लेकरांच्या हाताने लावायच्या टिपऱ्यांसाठी बेणे निवडताना काही विचारायचे असेल तर आपल्या गटाच्या कृषी सहाय्यकांना जरूर भेटावे. सर्व सभासदांना, त्यांच्या पाहुण्यांना आणि लेकराबाळांना वेळा अमावस्येच्या शुभेच्छा.

आपला,
ऊस विकास अधिकारी