पापनाशमची ‘पनी’: हिम नव्हे, दव, तरीही अंदाज मोलाचा

पापनाशम (जि. तंजावर): तमिळनाडूच्या हिवाळी हवामानवृत्तांत ‘पनी’ हा शब्द वारंवार येतो. तमिळमध्ये दव, धुके आणि हिम या तिन्हींसाठी तो वापरला जातो. मार्गळी व तै हे महिने ‘मुन्पनी’चे, तर मासी व पंगुनी ‘पिन्पनी’चे मानले जातात. भाषांतरात या दवाचे हिम झाले, की कावेरीच्या सखल खोऱ्यात हिमवृष्टी होणार असा गैरसमज होऊ शकतो.

हिम का पडत नाही?

उष्ण कटिबंधात हवेचे तापमान शून्य अंशाखाली जाते ते साधारण ५ किलोमीटर उंचीवर. तेथील ढगांत हिमकण असतात. मात्र खाली येताना ते वितळतात व पावसाच्या रूपाने पडतात. पापनाशम परिसरात जानेवारीतील पहाटेचे तापमानही सर्वसाधारणपणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

याच राज्यातील निलगिरी आणि कोडाईकनाल येथे मात्र चेन्नईचे प्रादेशिक हवामान केंद्र हिवाळ्यात भूपृष्ठीय दहिवराचा इशारा देते. निरभ्र, शांत रात्री जमीन हवेपेक्षा अधिक वेगाने थंड होते. त्यामुळे तापमापकावर दोन-तीन अंश दिसत असतानाही गवतावर बर्फाचा थर जमू शकतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात गोठणारे दवबिंदू हा त्याचाच प्रकार; तीही हिमवृष्टी नव्हे.

दवाचा अंदाज कसा बांधतात?

पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या तापमानापर्यंत उतरले, की हवेतील बाष्प पानांवर साचते. त्यासाठी आर्द्रता, निरभ्र आकाश आणि मंद वारा या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. बंगालच्या उपसागरावरून ढग आले, तर जमिनीची उष्णता अडते आणि दव कमी पडते. एक-दोन अंशांच्या फरकानेही अंदाज चुकू शकतो. उष्ण प्रदेशांतील हलक्या हिमवृष्टीचे भाकीत अवघड ठरते, तेही अशाच निसटत्या फरकामुळे.

शेतीचे गणित

जानेवारी-फेब्रुवारी हा येथील सांबा भाताच्या कापणीचा काळ. कापणीपूर्वी काही दिवस उभ्या भातातच उडीद विस्कटून पेरला जातो. पुढे हे पीक जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर आणि दवावर वाढते. दव त्याला उपकारक असले, तरी भाताची पाने दीर्घकाळ ओली राहिल्यास करपा रोग बळावतो. शिवाय सरकारी खरेदीसाठी धान्यातील ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. दमट हवेत उघड्यावर वाळत घातलेले भात ही मर्यादा सहज ओलांडते.

अवकाळी पाऊस झाल्यास हानी अधिकच वाढते. फेब्रुवारी २०२३ च्या प्रारंभी उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्याचे तीव्र रूप श्रीलंकेकडे सरकले, तेव्हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कापणीला आलेले भात पाण्यात आडवे झाले. राज्य सरकारने नुकसानग्रस्त पिकांसाठी हेक्टरी २० हजार रुपयांची मदत जाहीर केली आणि ओलाव्याची मर्यादा २२ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्याची विनंती केंद्राला केली.

म्हणूनच येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने हिवाळी अंदाजात किमान तापमानाइतकेच ढगांचे प्रमाण, वारा आणि आर्द्रता यांनाही महत्त्व आहे. कापणी आज करावी की दोन दिवस थांबावे, आणि भात अंगणात पसरावे की झाकून ठेवावे, याचा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.