ट्रायकोकार्डामागील आनुवंशिकी

उसावरील खोडकिडींच्या अंड्यांवर उपजीविका करणारा ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्याची आनुवंशिकता मात्र वेगळी आहे. फलित अंड्यातून मादी जन्मते व तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. अफलित अंड्यातून नर जन्मतो. त्याला आईकडील एकच संच मिळतो, म्हणजेच नराला पिता नसतो.

दोन संच असताना अप्रभावी जनुक प्रभावी जनुकाच्या आड दडून राहते. नरात असा आडोसा नसल्याने प्रत्येक जनुकाची परीक्षा थेट होते. बेंगळुरू येथील जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालयाने (आताचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो) पिढ्यानपिढ्या निवड करून ट्रायकोग्रामा किलोनिसचा ‘एंडोग्राम’ हा एंडोसल्फान-सहनशील वाण विकसित केला. पुढे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. एका कीटकनाशकाविरुद्धची सहनशीलता दुसऱ्यालाही लागू पडेलच असे नाही, म्हणून ‘सहनशील वाण’ घेतानाही तो कोणत्या कीटकनाशकासाठी आहे हे विचारावे.

नर-मादीचे प्रमाणही तितकेच महत्त्वाचे आहे. किडीच्या अंड्यात अंडी घालते ती केवळ मादी. समागम न झालेल्या मादीची संतती सहसा नरच असते. तिच्यानंतर नियंत्रणाची साखळी तुटते. त्यामुळे कार्डावरील काळ्या पडलेल्या अंड्यांची संख्या पाहणे पुरेसे नाही. त्यांतून किती मादी बाहेर पडतात, याची विचारणा प्रयोगशाळेकडे अवश्य करावी. कार्ड लावण्याच्या आगेमागे रासायनिक फवारणी टाळावी.