कुंभाराची माती, तांबटाचे तांबे आणि सिलिकोन

पुण्याच्या कसबा पेठेतील कुंभारवाड्यात माती मळून पणत्या आणि गणेशमूर्ती घडविल्या जातात, तर त्याच पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देऊन, म्हणजे मठारकाम करून, हंडे आणि बंब तयार होतात. सिलिकोन या विसाव्या शतकातील बहुवारिकाच्या, म्हणजे लहान रेणू पुनःपुन्हा जोडून बनलेल्या महारेणूच्या, जडणघडणीत या दोन्ही व्यवसायांचे मूळ पदार्थ एकत्र आले आहेत.

कुंभाराच्या मातीतील खनिजे ही मुख्यतः सिलिकेटे असून त्यांत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू आळीपाळीने गुंफलेले असतात. सिलिकोनच्या साखळीचा कणाही तसाच असतो, मात्र त्यातील प्रत्येक सिलिकॉन अणूला दोन सेंद्रिय गट, बहुधा मिथिल, चिकटलेले असतात. मूलद्रव्य ते सिलिकॉन आणि बहुवारिक ते सिलिकोन, हा भेद मराठी लेखनात अनेकदा पुसला जातो, आणि त्यामुळे संगणकाच्या चिपमधील पदार्थ व कुकरच्या रिंगेतील पदार्थ एकच असल्याचा गैरसमज होतो.

हे नावही एका चुकीच्या अपेक्षेतून आले. नॉटिंगहॅमचे फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही संयुगे कीटोनसारखी असावीत असे मानून त्यांना सिलिकोन म्हटले. पण कीटोनमध्ये कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात असतो तसा दुहेरी बंध येथे टिकत नाही, आणि हाती येत होता तो चिकट, स्फटिक न बनणारा राळेसारखा पदार्थ. अनेक वर्षांच्या कष्टांनंतर 1936 च्या बेकेरियन व्याख्यानात किपिंग यांनी या शाखेच्या नजीकच्या प्रगतीविषयी निराशाच व्यक्त केली. ज्या चिकट गाळाला ते उपद्रव समजत होते, तोच पुढे उद्योगाचा माल ठरला.

ही कलाटणी तांब्याने दिली. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत यूजीन रोचो यांनी मे 1940 मध्ये सिलिकॉन आणि तांबे यांच्या तापविलेल्या मिश्रणावरून मिथिल क्लोराइड वायू नेला, तेव्हा सिलिकोनचा कच्चा माल असलेले क्लोरोसिलेन एका पायरीत मिळाले. जर्मनीत रिचर्ड म्युलर यांनीही स्वतंत्रपणे हाच मार्ग शोधला. या विक्रियेत तांबे उत्प्रेरकाचे, म्हणजे स्वतः खर्ची न पडता विक्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाचे, काम करते, आणि आजही जगातील बहुतेक सिलिकोन याच रीतीने बनते.

1943 मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाली आणि महायुद्धातील विमानांच्या प्रज्वलन यंत्रणेत ओल शिरू नये म्हणून सिलिकोनचे ग्रीस वापरले गेले. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा बळकट असल्याने सिलिकोनचे रबर सुमारे 200 अंश सेल्सिअसला तग धरते. साखळी सहज वळत असल्याने ते शून्याखाली 50 अंशांवरही लवचीक राहते. आणि बाहेर वळलेल्या मिथिल गटांमुळे पाणी त्यावर पसरत नाही. उच्च दाबाच्या विद्युतवाहिन्यांवरील विद्युतरोधकांत तर याहून विलक्षण गोष्ट घडते: धूळ साचली की रबरातील लहान साखळ्या त्या धुळीवर झिरपतात आणि धुळीलाही जलविरोधी करतात. शरीराला ते फारसे बाधत नाही, म्हणून 1950 च्या दशकातच मेंदूतील साचलेले पाणी वाहून नेणाऱ्या झडपेत त्याला स्थान मिळाले.

मूर्तिकामात सिलिकोनच्या साच्याचे मोल वेगळे आहे. प्लास्टरचा कडक साचा आत वळलेल्या भागांवरून काढताना अडकतो, आणि म्हणून तो अनेक तुकड्यांत करावा लागतो. सिलिकोनचा साचा मात्र ताणून सोलता येतो, त्यात सोंडेचे वळण आणि दागिन्यांची बारीक नक्षी जशीच्या तशी उतरते, शिवाय पुष्कळ पदार्थ त्याला चिकटतच नाहीत.

तथापि ज्या टिकाऊपणासाठी सिलिकोन निवडले जाते, तोच त्याचा दोषही आहे. डी4 आणि डी5 ही त्याच्याशी निगडित वलयाकार संयुगे पर्यावरणात दीर्घकाळ टिकून राहतात, म्हणून युरोपीय संघाने 31 जानेवारी 2020 नंतर धुऊन टाकायच्या प्रसाधनांतील त्यांचे प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली ठेवण्याचे बंधन घातले. तांबट आळीतला फुटका हंडा मोडीत घालून वितळविता येतो, आणि कुंभारवाड्यातली न भाजलेली माती पाण्यात भिजवून पुन्हा मळता येते. पण एकदा घट्ट झालेले सिलिकोनचे रबर नुसत्या उष्णतेने वितळत नाही, त्यामुळे झिजलेल्या साच्यातून नवा साचा ओतता येत नाही.